दोनदा दार लावणारा माणूस

साळवे काका कुणाच्याही घरून निघाले की दार दोनदा लावतात. पहिल्यांदा ते लागावं म्हणून आणि दुसऱ्यांदा ते ऐकावं म्हणून. मधल्या वेळात यजमानाला वाटतं, काका चष्मा विसरले असावेत, आणि तो बिचारा घरभर चष्मा शोधतो. काका तोवर बाहेर डोळे मिटून उभे असतात. मग जिन्यातून आवाज येतो, "पास." आमच्या घराच्या बाबतीत, "रिजेक्ट."

आम्ही शिरगावात एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. ते पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. मी राहायला आलो त्या दिवशी ते ओळख करून घ्यायला वर आले, पाणी मागितलं, आणि बायको पेला शोधते आहे तोवर आमच्या फ्रिजचं दार उघडून लावलं.

"लिमये, रबर गेलंय."

"काका, नवा आहे. परवाच घेतलाय."

"मग नवं रबर गेलंय."

तीन आठवड्यांत फ्रिजखाली पाण्याचं तळं झालं. काकांनी नाट लावली असं बायकोचं आजही म्हणणं आहे. एका लग्नात त्यांनी फुलांनी सजवलेल्या गाडीचं दार असंच लावून बघितलं आणि नवऱ्या मुलाला सांगितलं, "डावीकडून बसू नका, मागचं दार सैल आहे." तो मुलगा चांगला शिकलेला होता, पण उजवीकडूनच बसला. सासरच्यांना वाटलं, मुलाकडची काही रीत असेल.

याला कारण आहे. काकांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी केली. तिथे मोटारींच्या दारांच्या कड्या तयार व्हायच्या. तिथले लोक त्यांना लॅच म्हणतात. काका इन्स्पेक्शनला होते. लोखंडी चौकटीला मोटारीचं एक दार टांगलेलं असायचं, त्यात नवी कडी बसवायची, दार लावायचं आणि ऐकायचं. 'ठप्प' आलं तर पास, 'ठक' आलं तर रिजेक्ट. गाडी नाही, चाकं नाहीत, आत बसलेलं कुणी नाही, नुसतं दार. जेवणाची सुट्टी सोडली तर काका दिवसभर ते लावत असत. रिटायर झाले तेव्हा त्यांना घड्याळ आणि नारळ मिळाला, आणि हे दोन शब्द ते स्वतःच घेऊन आले. त्यानंतर जगात त्यांना दोनच प्रकार दिसतात. माझ्या बायकोचा उपमा पास. आमचे नगरसेवक रिजेक्ट. माझ्या मेव्हण्याला सांगून आलेली मुलगी पास, मेव्हणा रिजेक्ट.

अशा माणसाने रविवारी काय करावं? काका महागड्या गाड्यांच्या शोरूममध्ये जातात.

त्यांना गाडी घ्यायची नसते. चालवता येत नाही, लायसन नाही, आणि पार्किंगमध्ये त्यांच्या वाट्याला आलेल्या जागेत निर्मला काकू पापड वाळत घालतात. काकूंना या रविवारच्या फेऱ्यांचं कौतुक नव्हतं. "यांना गाडी नको, दार पाहिजे," त्या मला म्हणायच्या. "म्हटलं, भंगारवाल्याकडून एक आणून देते. गॅलरीत टांगा आणि लावत बसा." स्वतः मात्र त्या कधी बरोबर जात नसत. काचेचं दार असलेल्या कुठल्याच दुकानात जात नसत. साडी घ्यायची तर उल्हासनगरच्या बाजारात, जिथे दुकान रस्त्यावर आलेलं असतं आणि गिऱ्हाईक उन्हात उभं राहून भाव करतं. "काचेआडचं मला नको," एवढंच म्हणायच्या. मला वाटायचं, काटकसरी आहेत.

दोन वर्षांपूर्वी काकांनी मला बरोबर घ्यायला सुरुवात केली. "कारखान्यात कपाटात एक मास्टर पीस ठेवलेला असतो," ते म्हणाले. "बाकीचे पीस त्याच्याशी ताडून बघायचे. शोरूममध्ये माझा मास्टर पीस तुम्ही." मी दोन दिवस हवेत होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मास्टर पीस म्हणजे जो कधी कुठल्याच गाडीत बसत नाही तो. शिवाय माझं काम काय, तर इस्त्रीचा शर्ट, पँट आणि बूट घालून त्यांच्यापासून चार पावलांवर उभं राहायचं आणि निघताना एखाद्या दाराला हात लावायचा. ते स्वतः रबरी स्लीपर घालून यायचे. डाव्या स्लीपरचा पट्टा सेफ्टी पिनने धरलेला. हातात कापडी पिशवी, पिशवीत कोथिंबीर. कोथिंबीर बाहेर डोकावली पाहिजे यावर त्यांचा कटाक्ष असे.

पिशवीत कोथिंबिरीखाली एका पतपेढीची जुनी डायरी असायची. त्यात रकाने आखलेले. वॉचमनने अडवलं का. पाणी किती मिनिटांत, पेल्यात की कागदी कपात. कॉफी विचारली का, विचारून आणली का. 'किधर से आए' कितव्या वाक्याला. दाराचा आवाज. आणि सगळ्यात शेवटी एक रकाना, ज्याला नाव नव्हतं. त्यात नुसत्या खुणा असायच्या, बरोबर किंवा फुली. बहुतेक फुल्याच. मी समजत होतो, तो बिस्किटांचा रकाना आहे.

पहिल्या रविवारी आम्ही पार ठाण्याच्या पलीकडे गेलो. वॉचमनने काकांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, कोथिंबिरीपाशी थांबला आणि म्हणाला, "डिलिव्हरी पीछे से." मला त्याने सलाम केला. आत टाय लावलेला एक सेल्समन माझ्याकडे धावत आला आणि इंग्रजीत हवापाण्याबद्दल बोलायला लागला. तेवढ्यात काका मागच्या बाजूने डिलिव्हरीवाल्यांबरोबर आत शिरले आणि एका काळ्याभोर गाडीपाशी उभे राहिले.

"अंकल, अपॉइंटमेंट है क्या?"

"किसका?"

"देखने का."

"देखने का नहीं है," काका म्हणाले. "सुनने का है."

सेल्समनने सबुरीने सांगितलं की ही गाडी बॅटरीवर चालते, तिचा आवाज येतच नाही. "दरवाजे का तो आएगा," काका म्हणाले, आणि लावलं. ठप्प. डोळे मिटून उभे राहिले. इतका वेळ उभे राहिले की सेल्समनने पाणी मागवलं, कुणी चक्कर येऊन पडलं तर शोरूमची जबाबदारी. डायरीत नोंद झाली: पाणी, अकरा मिनिटं, घाबरून.

आमच्या बाजूला मात्र सगळं उलट. कल्याण-बदलापूर रस्त्यावर गेल्या काही वर्षांत ही काचेची दुकानं उभी राहिली, आणि तिथल्या सेल्समन लोकांना एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकवतात. इस्त्रीचा शर्ट आला की समजायचं हप्तेवाला, तीन महिने घिरट्या घालणार आणि शेवटी छोटी गाडी घेणार. स्लीपर आली की सावध व्हायचं. स्लीपरवाल्याने आत्ताच कुठे वांगणीकडची जागा बिल्डरला दिलेली असू शकते. किंवा तो उल्हासनगरचा जुना व्यापारी असू शकतो, ज्याची चार दुकानं आहेत आणि बुटांवर खर्च करायची सवय नाही. त्यामुळे मी दारात उभा राहिलो की लोक माझ्या अंगावरून पलीकडे बघायचे, आणि माझ्या मागून काका आले की एसीचं तोंड त्यांच्याकडे फिरवलं जायचं.

उल्हासनगरात जुन्या महागड्या गाड्या विकणारे एक सिंधी शेठ आहेत. त्यांनी काकांची सेफ्टी पिन पाहिली आणि गल्ल्यावरून उठून आले. "अचो साईं, अचो. वेहो, बैठो." काकांना सोफ्यावर बसवलं, काजू आले, वेलचीचा चहा आला. मी उभाच होतो. शेठने मला विचारलं, "आप इनके ड्रायव्हर?"

"मास्टर पीस," काका म्हणाले.

शेठला तो काही नवा हुद्दा वाटला असावा, कारण त्यांनी मलाही एक काजू दिला. मग मुद्द्यावर आले. "काका, जागा किधर अपनी?"

"शिरगाव."

"अरे वा. रोडटच?"

"खिडकीतून हात काढला तर रोडला लागतो."

शेठने डोळ्यांनीच कुणाला तरी इशारा केला आणि आणखी काजू आले. काका खोटं बोलत नाहीत. कुणी गैरसमज करून घेतला तर तो दूर करायलाही जात नाहीत. त्यांनी पाचही गाड्यांची दारं लावली आणि एका पांढऱ्या गाडीपाशी "पास" म्हणाले. शेठने लगेच मुलाला फोन करून नारळ आणि हार आणायला सांगितलं. आम्ही तिथून कसे निघालो हे मी लिहिणार नाही. तो रस्ता मी अजून टाळतो.

अशी दोन वर्षं गेली. मग अंबरनाथ पश्चिमेला एक नवं शोरूम उघडलं आणि काका तिथे लागोपाठ तीन रविवार गेले. हे नियमाला सोडून होतं, कारण ते एका ठिकाणी दुसऱ्यांदा जात नाहीत. तिसऱ्या रविवारी बाहेर आल्यावर ते निघेचनात. समोरच्या पानाच्या गादीपाशी उभे राहून काचेतून आत बघत राहिले. आत हिरव्या साडीतली, चाळिशीची एक बाई हातात पिवळा फडका घेऊन गाडीपाशी उभी होती. आम्ही रस्ता ओलांडून गेलो होतो, तेव्हा कुठे तिने दाराच्या मुठीवरून फडका फिरवला.

"बघितलंत?" काका म्हणाले. डायरी काढून त्यांनी त्या बिननावाच्या रकान्यात बरोबरची खूण केली.

"काय बघितलं? पुसलं तिने."

"आपण गेल्यावर पुसलं."

मला अजूनही काही कळलं नव्हतं. काकांनी पान घेतलं नाही, नुसती सुपारी घेतली आणि सांगायला लागले.

अकरा वर्षांपूर्वी, रिटायर झाल्यावर पहिल्याच महिन्यात ते काकूंना घेऊन मुंबईकडच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेले होते. तेव्हा स्लीपर नव्हत्या. काकांनी निरोप समारंभाचा सफारी घातला होता आणि काकूंनी मुलीच्या लग्नातली साडी. ज्या गाडीसाठी त्यांच्या कारखान्यातून कड्या जात, ती गाडी तिथे होती. चौतीस वर्षं नवरा कारखान्यात नेमकं काय करतो, हे काकूंनी कधी पाहिलं नव्हतं. काका म्हणाले, लावून बघ. काकूंनी दार लावलं. म्हणाल्या, "अहो, छान वाजतं की." आणि त्यांचा हात मुठीवरून निघतो न निघतो तोच एक माणूस मध्ये आला आणि हात लागला होता तेवढीच जागा फडक्याने पुसून गेला.

"तेवढंच झालं," काका म्हणाले. "कुणी वाकडा शब्द बोललं नाही. निर्मला हसली आणि म्हणाली, चला घरी. माझ्या सासूबाई गावात ज्या ओट्याला टेकायच्या ना लिमये, तो ओटा त्या उठल्यावर धुवायचे. त्या वळणावर गेल्या की मागे पाण्याचा आवाज यायचा. निर्मलाने लहानपणी आईचा हात धरून तो ऐकलाय."

पानवाल्याकडे रेडिओ चालू होता. मला तो बंद करावासा वाटला.

"पहिली काही वर्षं मी एवढंच बघत हिंडलो की सगळ्यांचं पुसतात का. सगळ्यांचं पुसतात. डॉक्टरचं पुसतात, सोन्याच्या साखळ्यावाल्याचं पुसतात. तुमचं तर दर वेळी पुसलंय."

"माझं? मला कधी दिसलं नाही."

"तुम्हाला कशाला दिसेल," काका म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते. मापाचा आकडा वाचून दाखवावा तसं म्हणाले. मला मात्र तो आकडा लागला. दोन वर्षं मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभा होतो आणि बिस्किटं मोजत होतो.

"घरी येऊन तिला डायरी दाखवली," ते पुढे म्हणाले. "म्हटलं बघ, सगळ्यांचंच पुसतात, हाताचे डाग पडतात म्हणून पुसतात. तर म्हणाली, मला माहीत आहे हो. मी काय वेडी आहे? पण माहीत आहे म्हणून काय झालं. मग मनाशी म्हटलं, पुसायला हरकत नाही, पण माणूस बाहेर पडेपर्यंत थांबायला काय होतं? तसं थांबणारं एक तरी दुकान असेल. आहे. तीन रविवार तपासलं. एक सॅम्पल पास झालं म्हणून लॉट पास होत नाही."

काकूंना तयार करायला महिना गेला. शेवटी त्या म्हणाल्या, "एकदा येते. परत विचारायचं नाही. आणि माझ्याबरोबर यायचं तर त्या स्लीपर चालणार नाहीत." त्यामुळे त्या रविवारी काका बुटात होते, सफारीत होते, आणि कोथिंबीर नव्हती. आम्ही तिघंही इस्त्रीत, म्हणजे आमच्याकडे कुणी ढुंकून बघण्याची शक्यता नव्हती. वॉचमनने मान वर न करता दार उघडलं. पाणी आलं नाही, कॉफी आली नाही. काका खूश होते. त्यांना तेच हवं होतं.

मग त्यांचा चेहरा उतरला. हिरव्या साडीवाली बाई नव्हती. तिच्या जागी एक आडव्या बांध्याचे, पन्नाशीचे गृहस्थ होते. पिवळा फडका त्यांच्या खांद्यावर होता आणि कामाचा उत्साह चेहऱ्यावर दिसत होता. कुणी नुसतं गाडीजवळून गेलं तरी ते मागोमाग जाऊन पुसत होते.

काकू गाडीपाशी पोचल्या होत्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाने चौतीस वर्षांत हजारो पीस रिजेक्ट केले होते, आणि आता त्याच्या हातात काही नव्हतं. मी पुढे झालो आणि त्या गृहस्थांचा दंड धरला.

"साहेब, याची डिकी केवढी हो?"

"मी साफसफाईला आहे, सर. सेल्सवाले तिकडे."

"पण तुमचा अनुभव काय सांगतो? चार बॅगा मावतील?"

ते विचारात पडले. त्यांना हे आजवर कुणी विचारलं नसावं. "नीट लावल्या तर मावतील," ते म्हणाले. मी वरच्या काचेचं विचारलं, पावसाळ्यात कातईच्या चढावर काय होईल विचारलं, त्यांचं गाव विचारलं. मागे ठप्प असा आवाज आला. त्यांची नजर तत्काळ माझ्या खांद्यावरून मुठीकडे गेली, हात फडक्याकडे गेला, आणि मी फडक्याचं दुसरं टोक पकडलं. आता आम्ही दोघं एक फडका धरून उभे होतो. ते सौम्यपणे ओढत होते, मी सोडत नव्हतो.

"सर, काम आहे."

"एक मिनिट. सीटचं कापड कुठलं?"

"लिमये," मागून काकूंचा आवाज आला. "सोडा हो त्याचा फडका."

मी वळलो. काकू गाडीपाशीच होत्या, हात मुठीवर तसाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फडक्याच्या टोकाकडे पाहिलं, मग काकांकडे. काका सफारीच्या बटणाशी चाळा करत होते. अकरा वर्षांच्या रविवारांचा हिशेब काकूंना तिथे उभ्या उभ्या लागला असावा. त्या हसल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

मी फडका सोडला. गृहस्थ पुढे झाले.

"थांबा जरा, दादा," काकू त्यांना म्हणाल्या. "माझं झालं नाही अजून."

"हो मावशी, सावकाश," ते म्हणाले आणि खरंच थांबले, फडका पाठीमागे धरून.

काकूंनी दार पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं. आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या, थेट काकांसारख्या. मुठीवर पंजा पसरून ठेवलेला. शोरूममध्ये एसीचा आवाज तेवढा होता. कितीतरी वेळाने त्यांनी डोळे उघडले, हात काढला आणि गृहस्थांना म्हणाल्या, "आता पुसा." ते पुसत असताना त्या तिथेच उभ्या राहून बघत होत्या. मग पदर सारखा करून काचेच्या दारातून सगळ्यांच्या आधी बाहेर पडल्या. त्यांच्या मागे काका गेले. ते दार त्यांच्या पाठीमागे लागलं आणि काका ऐकायला थांबले नाहीत.

रिक्षात काकांनी सवयीने डायरी काढली. वॉचमन, पाणी, कॉफी, भराभर रकाने भरले. शेवटच्या रकान्याशी पेन्सिल अडली. पुसलं तर आमच्यासमोरच होतं. त्यांच्या नियमाप्रमाणे फुली.

"अगं, इथे काय लिहू?"

काकू बाहेर बघत होत्या. "दार छान होतं," त्या म्हणाल्या. "तेवढं लिहा."

काकांनी तेवढंच लिहिलं. त्या अरुंद रकान्यात ते मावलं नाही, म्हणून अक्षरं थोडी समासात गेली.